बेचाळिसाव्या दिवसानंतर

इंदूरच्या एका मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्र शिकवणाऱ्या आणि संध्याकाळी परदेशीपुऱ्यात फॅमिली डॉक्टर म्हणून बसणाऱ्या प्राध्यापिकेचा एक दिवस. तारीख ९.

पहाटे ५.२०

फोन रेसिडेंटचा. पहिलटकरीण, दिवस पूर्ण भरलेले. रात्री एकला दाखल झाली तेव्हा तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं, आता पाच. "मॅडम, चार तासांत एकच सेंटिमीटर. सिझरची तयारी करू का?" आवाजात रात्रभराचा शीण आहे, आणि आठला ड्यूटी बदलण्याआधी निकाल लागावा ही घाईही.

मी विचारत जाते. बाळाचे ठोके? १४२. पाणी? स्वच्छ. कळा? दहा मिनिटांत तीन. डोकं? उतरतंय. तिनं शेवटचं खाल्लं कधी? इथे शांतता. जवळ कोण आहे? "सासू आहे, बाहेर बाकावर."

"सासूला आत घे. पोरीला चहा-बिस्किट दे, पाणी पाज, उठून चार पावलं चालू दे. ठोके दर अर्ध्या तासानं लिही. कुठे काही बिघडलं तर लगेच फोन कर, नाहीतर थांब."

तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब आमच्या पिढीनं पाढ्यासारखा घोकला. त्याचं मूळ डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ साली न्यू यॉर्कमधल्या ५०० पहिलटकरणींवरून काढलेल्या आलेखात आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं की कळांचा वेग घेणारा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा, आणि आई-बाळ ठीक असतील तर केवळ तासाचा हिशेब चुकतोय म्हणून पोटावर सुरी चालवू नये. म्हणजे ही पोरगी मागे पडलेली नाही, तिची आत्ता कुठे सुरुवात होते आहे.

सकाळी ६.३०

कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते. इंदूरमध्ये घड्याळ नसलं तरी चालतं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे करताना सासूबाई आतून विचारतात, "आज नऊ तारीख ना गं? म्हणजे जेवायला तीन वाजणार तुला." पोहे वाफेवर तयार आहेत, वर शेव आणि जिरावन. आमच्याकडे तीन पिढ्या मराठी बोलतात, पण पोह्यांच्या बाबतीत आम्ही पुणेकरांचे नाही, माळव्याचेच.

आईंची शुगर तपासते : उपाशीपोटी १३८. "काल रामबागेत हळदीकुंकू होतं," हे त्या स्वतःच सांगून टाकतात. माझे सासरे परदेशीपुऱ्यात फॅमिली डॉक्टर होते. त्यांच्या पश्चात तो दवाखाना मी चालवते. त्यामुळे डॉक्टरसमोर काय लपवायचं आणि काय नाही, हे आईंना माझ्याहून जास्त कळतं.

७.४५

गाडी एम. वाय. हॉस्पिटलच्या समोरून जाते. महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाची ती सात मजली इमारत आणि शेजारचं महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेज. इथलं वैद्यकीय शिक्षण १८७८ सालच्या मेडिकल स्कूलपासूनचं, कॉलेज १९४८चं. त्याच्या पहिल्या तुकडीत चाळीस विद्यार्थी होते. एकोणचाळीस मुलगे आणि एक मुलगी.

ती मुलगी म्हणजे डॉ. भक्ती यादव. ३ एप्रिल १९२६चा जन्म, उज्जैनजवळच्या महिदपूरचा, मराठी घरातला. गावात मुलींच्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून वडिलांनी आधी गरोठला पाठवलं, मग इंदूरला अहिल्याश्रमात ठेवलं, कारण मुलींसाठी वसतिगृह असलेली शाळा तीच. १९५२ साली त्या एमबीबीएस झाल्या, पुढे एमएस. १९५७ साली वर्गमित्र डॉ. चंद्रसिंह यादव यांच्याशी लग्न केलं. नवराबायकोंना मोठ्या शहरांतून बोलावणी होती. चंद्रसिंहांनी गिरणी भागातलं विमा रुग्णालय निवडलं आणि आयुष्यभर मजुरांचे डॉक्टर म्हणून राहिले. भक्तीताईंनी एम. वाय.तली सरकारी नोकरी सोडली आणि भंडारी मिलनं काढलेल्या नंदलाल भंडारी प्रसूतिगृहात गेल्या. १९७८ साली ते बंद पडलं, तेव्हा त्यांनी घरीच 'वात्सल्य' सुरू केलं आणि गरिबांकडून फी घेण्याचा प्रश्नच ठेवला नाही. २०१७ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी १४ ऑगस्टला, वयाच्या ९१व्या वर्षी त्या गेल्या.

वर्तमानपत्रं त्यांच्या हातून झालेल्या बाळंतपणांचे आकडे छापतात. मला त्यांच्या संसारातली वाटणी जास्त शिकवते. गिरणी कामगाराचा खोकला नवऱ्याकडे, त्याच्या बायकोचं बाळंतपण बायकोकडे, आणि दोघांचं जेवण एका ताटाशी. एकाच घराची सगळी दुखणी एका छपराखाली माहीत असणं, हे आज आम्ही दोन वेगळ्या विभागांत, दोन वेगळ्या पदव्यांत आणि दोन वेगळ्या मजल्यांवर शिकवतो.

८.३०

राउंड. मागे दोन रेसिडेंट, सहा विद्यार्थी, आणि आमच्याकडे फॅमिली मेडिसिनचं डीएनबी करणारा धारचा एक मुलगा. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात सध्या त्याची पाळी आमच्या विभागात आहे.

खिडकीजवळची बाई सांवेरच्या बाजूच्या खेड्यातली. नवव्या महिन्यात रक्तदाब चढला, लघवीत प्रथिनं दिसली, बाळंतपण मात्र सुखरूप झालं. आज तिसरा दिवस, प्रेशर १४६/९४. "मॅडमजी, छुट्टी दे दो," ती सकाळपासून सगळ्यांना म्हणते आहे. विद्यार्थ्यांचंही तिच्याशी एकमत आहे.

"वार पडली की हा आजार संपतो का?" मी विचारते.

"हो मॅडम." उत्तर एका सुरात.

संपत नाही. बाळंतपणानंतर रक्तदाब पुन्हा चढतो आणि साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसात कळस गाठतो. म्हणजे आपण जेव्हा पेढे घेऊन बाईला टेम्पोत बसवतो, नेमके तेव्हाच ते दिवस येतात. झटके बाळंतपणाच्या आधी येतात तसे नंतरही येतात, आणि तेव्हा जवळ मॅग्नेशियम सल्फेटची बाटली नसते, असतो तो सव्वा महिन्याचा सोवळा कोपरा.

"तर हिला राहायचं का नाहीये?" कुणालाच माहीत नाही. धारचा मुलगा पलंगाच्या कडेला वाकून विचारतो, "घर पे कौन है?" घरी तीन वर्षांची मोठी मुलगी आहे, शेजारणीकडे सोडलेली. आईशिवाय ती जेवत नाही, असं फोनवर कळलंय. बास, एवढंच होतं. दुपारच्या बसनं मावशीबरोबर मुलीला इथे आणायचं ठरतं, भेटायच्या वेळात ती आईजवळ बसेल. बाई लगेच आणखी तीन दिवस राहायला तयार होते. हा उपाय माझ्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. धारच्या मुलानं केसपेपरवर औषधांच्या खाली तोही लिहिला, तेव्हा बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मुद्दाम त्याखाली सही केली.

१०.१५

दर महिन्याच्या ९ तारखेला देशभरातल्या सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झालं, तेव्हा खासगी डॉक्टरांनाही महिन्यातला हा एक दिवस द्यायचं आवाहन होतं. नऊ महिने, म्हणून नऊ तारीख. मी इंटर्न घेऊन एका आरोग्य केंद्रात जाते. बाहेर रांग, आत टेबलावर चार रंगांचे स्टिकर : धोका नसेल तर हिरवा, गरोदरपण धोक्याचं असेल तर लाल, प्रेशर असेल तर निळा, मधुमेह-थायरॉइडसारखं सोबतीचं दुखणं असेल तर पिवळा. कार्ड हातात घेताच पुढच्याला कळावं, ही त्यामागची साधी युक्ती. वाचता न येणाऱ्या आजीलाही लाल म्हणजे काय ते कळतं.

पाचव्या महिन्याची एक मुलगी, मांडीवर सव्वा वर्षाचं पोर. हिमोग्लोबिन ७.८. आशा दीदी तक्रार करते, "गोळ्या नेते, पण खात नाही." मुलगी म्हणते, "खाती हूँ ना दीदी, रोज." दोघीही खरं बोलतात, असं मला वाटतं.

इंटर्न शिरेतून लोह द्यायचं सुचवतो. बरोबर आहे, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज देऊ, पंधरावीस मिनिटांचं काम आहे. पण आधी दिवसाचा हिशेब मांड, मी म्हणते. नवरा काय करतो? सराफ्यात रात्री चाटच्या ठेल्यावर. घरी येतो दीड-दोनला. ती तोवर जेवत नाही. तो आल्यावर दोघं जेवतात, म्हणजे तो जेवतो आणि उरलेलं ती. झोप येऊ नये म्हणून त्याआधी दोनदा चहा, आणि लोहाची गोळी त्या चहाबरोबर, शेजारी कॅल्शियमची गोळीही, कारण दोन्ही एकाच पिशवीत मिळतात. चहानं लोह शोषलं जात नाही, कॅल्शियम त्यात अडथळा आणतं, आणि दिवसभराचं पोट रिकामं.

लोहाचं इंजेक्शन तिला मिळेल. पण सल्ला नवऱ्याला हवा. फोन लावते. तो झोपेतून उठतो. "भैया, इसको आठ बजे खिला दिया करो, आपका इंतजार मत करवाओ." तिकडून थोडा वेळ काहीच नाही. मग, "मैंने तो कभी बोला ही नहीं रुकने को." मुलगी पदराआड हसते. कार्डावर लाल स्टिकर लागतो. खाली आशा दीदी स्वतःच्या अक्षरात लिहिते : जेवण आठ वाजता.

भारतात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात ३३, केरळात १९, आमच्या मध्य प्रदेशात १७३. या फरकात रक्ताची पिशवी आणि ॲम्ब्युलन्स जितकी आहे, तितकंच हे रात्री दोनचं जेवणही आहे.

दुपारी १.१०

पहाटेची पहिलटकरीण. पावणेबाराला तोंड पूर्ण उघडलं, आता डोकं दिसतंय. सासू तिच्या उशाशी उभी, हातात हात. आधी घाबरत होती, आता सिस्टरपेक्षा मोठ्यानं ओरडते आहे : "जोर लगा बेटा, आ गया, आ गया!" १ वाजून १८ मिनिटांनी मुलगी झाली. लगेच रडली. आईच्या छातीवर ठेवली. मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ऑक्सिटोसिन दहा युनिट, मग नाळ. आठव्या मिनिटाला वार पडली, अख्खी.

इथपर्यंत सगळ्यांचे चेहरे सैलावतात. माझं लक्ष बाईच्या कमरेखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर आहे. तिला नरसाळ्यासारखं तोंड आणि कडेला मिलिलिटरच्या खुणा. सिस्टर मोठ्यानं वाचते : दोनशे. दोनशे साठ. तीनशे.

"हाताला पिशवी कशी लागते?" पिशवी म्हणजे आता गर्भाशय. रेसिडेंट पोटावर हात ठेवते. "मऊ."

आता कुणी कुणाला विचारत बसत नाही. एकजण पोटावरून गर्भाशय चोळायला लागते. दुसरी शिरेतून ऑक्सिटोसिन सुरू करते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम, दहा मिनिटांत, हळू. सलाईन. लघवीची नळी, कारण भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही. मी आत पाहते : फाटलेलं कुठे नाही. चारशे. चारशे वीस. चारशे चाळीस. गर्भाशय मुठीसारखं घट्ट होतं. आकडा तिथेच राहतो.

ही खुणांची पिशवी आपल्याच देशातली आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ती घडवली, तिथल्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची परीक्षा घेताना. ते संशोधन २००६ साली 'लान्सेट'मध्ये छापून आलं. तोवर बहुतेक ठिकाणी रक्तस्राव डोळ्यांनी मोजत आणि डोळा नेहमी कमी सांगतो. २०२३ साली आफ्रिकेतल्या चार देशांत हीच कल्पना घेऊन मोठी चाचणी झाली : मोजा, आणि रक्त जास्त जातंय असं दिसताच सगळे उपचार एकदम करा, एकामागून एक नाही. गंभीर रक्तस्राव, पोट उघडावं लागणं आणि मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी कमी झाले. औषधं सगळी जुनीच होती.

सासू मात्र माझ्यावर नाराज आहे. "इतना तो जाता ही है मॅडमजी. हमारे जापे में तो बाल्टी भर गया था." मी तिला बसवते आणि विचारते, नंतर किती दिवस चक्कर येत होती? ती आठवते, आणि मोजायची थांबते. "साल भर," म्हणते.

रेसिडेंटची ड्यूटी आठलाच संपली होती. ती गेली नव्हती. तिला सिझर न केल्याचं कौतुक मी करत नाही. जेव्हा हवं असतं तेव्हा न केलेलं सिझरही जीव घेतं, हे तिनं याच वर्षी पाहिलं आहे. "चार्टवर वेळा नीट लिहिल्यास," एवढंच म्हणते. तिला ते पुरतं.

२.५०

डबा. भरल्या वांग्याचं तेल कागदात उतरलंय. तीन वाजले नाहीत, आईंना मेसेज करते.

३.३०

इंटर्नचा वर्ग. विषय पत्रिकेवर 'प्रसूतीनंतरची काळजी' असा आहे, आणि म्हणून निम्मा वर्ग फोनकडे बघतोय. मी फळ्यावर ४२ लिहिते.

व्याख्येनुसार बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत झालेला मृत्यू मातामृत्यू धरतात. आशा ताईच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटीही दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसापासून सुरू होऊन ४२व्या दिवशी संपतात. त्या घरभेटींची पद्धत गडचिरोलीतून आली : डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घरीच घ्यायला शिकवलं, बालमृत्यू घटल्याचं १९९९ साली जगाला दाखवलं आणि मग सरकारांनी ती उचलली. पण त्याच्याही दहा वर्षं आधी, १९८९ साली, राणीताईंचं दुसरं काम छापून आलं होतं. गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचं काही ना काही दुखणं निघालं, आणि त्यातल्या फारच थोड्या कधी डॉक्टरकडे गेल्या होत्या. गरोदर असेल तरच बाई दवाखान्यात येते आणि गरोदर असेल तोवरच दवाखाना तिला ओळखतो, हे त्या दोन गावांनी सांगितलं.

"४३व्या दिवशी ही बाई कोणाची?" मी विचारते.

कोणी म्हणतं सर्जरीची, कोणी मेडिसिनची, एकजण विनोदानं नवऱ्याची. मग मी हिशेब मांडते. गरोदरपणी जिला मधुमेह झाला, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे सातपट. जिला प्रेशर चढून लघवीत प्रथिनं गेली, तिला पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जवळपास दुप्पट. म्हणजे नऊ महिन्यांत शरीरानं वीस वर्षांनंतरची बातमी आधीच फोडलेली असते. आम्ही ती वाचतो, डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहितो आणि ते कार्ड घरच्या पत्र्याच्या पेटीत जातं.

२०२१-२२च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं दत्तक दिली जातात. पहिल्या वर्षापासून त्यानं त्या घरी जात राहायचं. कल्पना चांगली आहे. वाईट हे की बहुतेक मुलं तिथे प्रेशर मोजून फॉर्म भरतात आणि परत येतात. मी त्यांना एकच काम देते : घरातल्या प्रत्येक बाईला तिच्या प्रत्येक बाळंतपणात काय झालं ते विचारा, आजीपासून सुरुवात करा. ही मुलं परत येतात ती वही भरून, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी त्या घरातल्या पुरुषांनीही पहिल्यांदाच ऐकलेल्या असतात.

संध्याकाळी ६.००

परदेशीपुरा. एकेकाळी या भागाचं घड्याळ गिरण्यांच्या भोंग्यावर चाले : हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी. आता भोंगे नाहीत, चिमण्याही फारशा उरल्या नाहीत. दवाखाना दोन खोल्यांचा. कंपाउंडर काका सासऱ्यांच्या वेळचे.

सासऱ्यांच्या नोंदवह्या मी टाकलेल्या नाहीत. त्यांची पद्धत माणसागणिक कागद ठेवायची नव्हती, घरागणिक पान असे. वर घरमालकाचं नाव आणि मिल, खाली सगळे : म्हाताऱ्याचा दमा, सुनेचे दिवस, पोराचा गोवर. डावीकडे तारीख, उजवीकडे फी. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१मध्ये बंद पडली. नोकरीबरोबर कामगारांचं विम्याचं कार्ड गेलं, आणि थकबाकीचा निकाल लागायला २०२३ उजाडलं. वहीत १९९२ पासून पुढे पानंच्या पानं उजवा रकाना कोरा आहे. डावा मात्र भरलेला.

आज एक पंचेचाळिशीची बाई. डोकं दुखतं, महिनाभर मेडिकलवरून गोळ्या आणून खाल्ल्या. प्रेशर १७०/१०४. "आमच्या घरात कुणालाच नाही," ती मराठीतच सांगते. तिचं माहेर बऱ्हाणपूरचं. मी विचारते, "बाळंतपणात कधी प्रेशर चढलं होतं का?"

"छे."

"पायांवर सूज? झटके?"

ती थांबते. "सूज... हो. हिच्या वेळेला." शेजारी बसलेल्या मुलीकडे बोट. काका आतून वही आणतात. सासऱ्यांच्या बारीक अक्षरात तिच्या सासऱ्याच्या नावाचं पान, २००१ साल : सून, आठवा महिना, पायांवर सूज, १६०/११०, मोठ्या दवाखान्यात पाठवली. पुढची नोंद थेट दोन वर्षांनी, नवऱ्याच्या काविळीची. मधल्या काळात तिला झटके आले होते, चार दिवस शुद्ध नव्हती, हे ती आज सांगते. पुढे दरवर्षी प्रेशर मोजून घ्या, असं तिला कुणीही म्हटलं नाही. चोवीस वर्षं.

तिची औषधं लिहून होतात. लघवीची तपासणी, क्रिएटिनिन, मीठ, रोजची गोळी थांबवायची नाही. पण वही अजून माझ्यासमोर उघडी आहे आणि मी मुलीकडे बघते. लग्न होऊन वर्ष झालंय. "आणि तू?" ती आईकडे बघते. आईला ठाऊक नव्हतं. पाळी चुकून सात आठवडे झालेत.

पहिलंच बाळ, आणि आईला गरोदरपणी प्रेशरचा आजार झालेला : दोन्ही धोक्याच्या खुणा. एकेकटी खूण असती तर थांबले असते. दोन्ही एकत्र असल्या की बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री ॲस्पिरिनची छोटी मात्रा द्यावी, असं आज मानलं जातं. ती सोळाव्या आठवड्याआधी सुरू झाली तरच उपयोग मोठा. म्हणजे ही वेळेत आली आहे, आणि आली ती आईचं डोकं दुखत होतं म्हणून. सोनोग्राफी लिहून देते, तारीख पक्की झाली की गोळी. मग वहीत त्याच पानावर, सासऱ्यांच्या नोंदीखाली, मुलीची नोंद करते. सासरचं पान वेगळं हवं, काका आठवण करून देतात. दोन्हीकडे करा, मी म्हणते.

संगणकातली आमची कॉलेजची नोंद माणसाच्या नंबरावर चालते. त्या नंबरावर ही आई आणि ही मुलगी एकमेकींच्या कुणीच नाहीत.

मग पाठोपाठ : शाळेचं सर्टिफिकेट मागणारा ताप, दहाव्या दिवसाची बाळंतीण जिला रडू आवरत नाही, तिचा नवरा जो दाराशी उभा राहून "सब ठीक है" म्हणतो, आणि तिची सासू जी पाणी कमी द्यायचं, नाहीतर अंगावरचं दूध पातळ होतं असं ठरवून बसली आहे. बाळंतिणीला मी एकटीला आत घेते. "झोप किती होते?" "बाळाला काही होईल असं सारखं वाटतं का?" "स्वतःला काही करावंसं वाटतं?" शेवटच्या प्रश्नाला ती मान हलवून नाही म्हणते, नीट माझ्या डोळ्यांत बघून. परवा परत बोलावते, आणि नवऱ्याला रात्रीची एक वेळ बाळ सांभाळायचं लिहून देते, चिठ्ठीवर, औषधासारखं, सकाळ-दुपार-रात्र या रकान्यांत. सासूला पाण्याचा तांब्या मोजायला लावते. ती ऐकते, कारण माझ्या सासऱ्यांनी तिचाही टायफॉइड याच खोलीत काढला होता.

रात्री ९.४५

महिन्याअखेरच्या अंतर्गत परीक्षेचे टप्पे पाठवायचे आहेत. माझ्याकडे एक टप्पा : पाच मिनिटं, दहा गुण. सहकाऱ्यांनी सुचवलंय की पुतळ्यावर वार काढून दाखवायला सांगावी, दरवर्षीसारखी. ते कौशल्य हवंच, ते दुसऱ्या टप्प्यावर आहे. माझ्या टप्प्यावर टेबल, दोन खुर्च्या आणि एक बाई. सासूची भूमिका आमची वॉर्डातली आया करणार आहे. कुणाही नटीपेक्षा ती ते चोख करेल.

प्रश्न असा : सुनेला गरोदरपणी प्रेशरचा आजार झाला होता. आज सहाव्या दिवशी ती घरी जाते आहे. घरच्यांशी बोला.

सहकाऱ्याचा निरोप येतो : "यात प्रसूतिशास्त्र कुठे आहे?" मी त्यांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमातलं संवाद आणि वर्तनाचं पान पाठवते, आणि गुणांची वाटणीही. नाव विचारून, बसून बोलणं : एक. घरी कोण आहे ते विचारणं : एक. डोकेदुखी, अंधारी, झटके यांपैकी काही झालं तर लगेच आणायचं : दोन. गोळ्या कधी आणि कुठवर : एक. पाणी, जेवण, झोप : एक. पाळणा लांबवण्याचा विषय सासूसमोर नीट काढणं : एक. आणि उरलेले तीन गुण एकाच वाक्याला, ते न बोलता जो उठेल त्याला कितीही गोड बोलून ते मिळणार नाहीत : हिला बाळंतपणात प्रेशर होतं, हे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला सांगा, आणि हिची मुलगी मोठी झाली की तिलाही.